तिसाचे अकरा

हातावर उपचार करणाऱ्यांच्या जगात सगळ्यात नावाजलेला प्रश्न कुठला, असं कुणी विचारलं तर मी क्षणात सांगेन: बरणीच्या झाकणाचा. घट्ट बसलेल्या किंवा नव्या बरणीचं झाकण उघडायला गेल्या आठवड्यात तुम्हाला कितपत अडचण आली? पुढे एक ते पाच आकडे. १ म्हणजे काहीच अडचण नाही, ५ म्हणजे जमलंच नाही. योग्य आकड्याला गोल करा. मनगट मोडलेलं असो, खांदा आखडलेला असो, बोटाची शीर तुटलेली असो की टेनिस एल्बो असो, सगळ्यांना आधी ही बरणी उघडावी लागते.

प्रश्नावलीचं नाव डॅश. 'डिसॅबिलिटीज ऑफ द आर्म, शोल्डर अँड हँड' या लांबलचक नावाची आद्याक्षरं. एकूण ३० प्रश्न. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी, त्यामुळे या कागदाशी माझा उठताबसता संबंध येतो. आणि गेली काही वर्षं आमच्या क्षेत्रात एक उद्योग जोरात चालू आहे: असल्या प्रश्नावल्या कमी करत आणायच्या. तिसाच्या अकरा, सदतिसाच्या बारा, आणि आता कॉम्प्युटर म्हणतो की चार-पाच प्रश्नांतही भागेल. या काटछाटीबद्दल माझं मत पूर्ण अनुकूल नाही आणि पूर्ण प्रतिकूलही नाही.

हे ३० प्रश्नसुद्धा काही आकाशातून पडलेले नाहीत. अमेरिकेतली अस्थिरोग सर्जनांची अकादमी आणि टोरंटोची 'इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ' यांनी मिळून ते तयार केले, आणि १९९६ साली ते प्रसिद्ध झाले. आधीच्या प्रश्नावल्या पिंजून काढल्यावर त्यांच्याकडे ८२१ प्रश्नांचा ढीग जमला होता. त्यातून तज्ज्ञांनी ७८ ठेवले, आणि ते रुग्णांकडून भरून घेऊन, उत्तरं पडताळून शेवटी ३० उरले. म्हणजे ज्याला आपण आज 'लांबलचक मूळ फॉर्म' म्हणतो तोच मुळात मोठ्या कत्तलीतून वाचलेला आहे. २००५ साली टोरंटोच्याच डॉर्कास बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसाचे अकरा केले, त्याला म्हणतात क्विकडॅश.

पण मुळात रुग्णाला विचारायचंच कशाला? आमच्याकडे मोजायची साधनं काय कमी आहेत? सांधा किती अंश वाकतो ते गोनिओमीटर सांगतो. पकड किती किलोची ते जामर डायनॅमोमीटर सांगतो: माणसाला खुर्चीत ताठ बसवायचं, कोपर नव्वद अंशात, तीनदा दाबायला लावायचं आणि सरासरी घ्यायची. बोटाला स्पर्श कळतो का, ते बघायला नायलॉनच्या कमीजास्त जाडीच्या काड्या आहेत. सगळं आकड्यात. आणि तरीही असं होतं की पकड दुसऱ्या हाताच्या ऐंशी टक्क्यांवर आलेली बाई म्हणते, काहीच जमत नाही हो मॅडम. आणि दोन बोटं गमावलेला प्रेसवरचा कामगार म्हणतो, माझं सगळं झकास चाललंय. यातलं खोटं कुणीच बोलत नसतं.

'उपचारानंतर माणसाचं पुढे काय झालं ते बघा' असा हट्ट धरणारा पहिला माणूस योगायोगाने आमच्याच गल्लीतला होता. बोस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक रुग्णाचं कार्ड करा, वर्षभराने त्याला पुन्हा बोलवा, काय साधलं आणि काय फसलं ते लिहा, आणि जे फसलं ते लपवू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. १९११ साली त्याने स्वतःचं छोटं इस्पितळ काढलं आणि तिथल्या चुका छापून जगासमोर मांडल्या. कामगिरी न बघता ज्येष्ठतेवर बढती देण्याच्या पद्धतीच्या निषेधार्थ १९१४ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा राजीनामा दिला. आज फिजिओथेरपीच्या कुठल्याही ओपीडीत खांदेदुखीचा पेशंट पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवताना दिसतो ना, तो 'कॉडमन एक्सरसाइज'. व्यायाम सगळ्यांनी उचलला. कार्ड मात्र पुढची कित्येक दशकं कुणाला नको होतं.

आता त्या कार्डाची जागा प्रश्नावलीने घेतली आहे, आणि ती आमच्याकडे कशी भरली जाते ते सांगते. मनगटाच्या फ्रॅक्चरचं प्लास्टर नुकतंच निघालेल्या एक मावशी. हात सुजलेला, कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघताहेत, बोटं वळताहेत पण मूठ पुरती मिटत नाही. उजवाच हात, त्यामुळे लिहिणार कोण? मी वाचते आणि गोल करते.

"घट्ट बरणीचं झाकण?"

"बरण्या सून उघडते."

"पण तुम्ही उघडायला गेलात तर?"

"मी कशाला जाईन उघडायला? हात मोडलाय ना माझा."

फॉर्मवर याची तरतूद आहे बरं का. गेल्या आठवड्यात ती गोष्ट करायची वेळ आली नसेल तर कोणतं उत्तर जास्तीत जास्त बरोबर ठरेल त्याचा अंदाज करा, अशी सूचना वर स्पष्ट छापलेली असते. मावशींना अंदाज करायला लावणं म्हणजे त्यांनी न केलेल्या कामाचा त्रास मी कल्पनेनेच मोजणं. तरी करतो. मग लेखन, मग किल्ली, मग स्वयंपाक. जड दार ढकलणं. डोक्यावरच्या फळीवर वस्तू ठेवणं. भिंती धुणं, फरशी धुणं. ("भिंती?" मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.) बागकाम. अंथरूण घालणं. डोक्यावरचा बल्ब बदलणं. पंधराव्या-सोळाव्या प्रश्नापर्यंत येताना मावशींचा सूर बदललेला असतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत 'तीन' असं उत्तर येतं. स्वेटर घालणं? तीन. सुरीने चिरणं? तीन. पत्ते खेळणं? तीनच लिहा हो. बाहेर बाकावर पुढचे सात-आठ जण केसपेपर धरून बसलेले, मावशींच्या मुलाला कामावर जायचंय. एकविसावा प्रश्न शारीरिक संबंधांचा आहे. तो मी मुलासमोर वाचत नाही.

लांब प्रश्नावली जास्त अचूक असते, असं पुस्तकात वाचायला मिळतं आणि गणिताने ते खरंही आहे. पण ते गणित प्रत्येक उत्तर विचार करून दिलेलं आहे असं गृहीत धरतं. सोळाव्या प्रश्नापासून पुढचे सगळे तीन, हे माप हाताचं नाही, मावशींच्या सहनशक्तीचं आहे. म्हणून फॉर्म कमी करणाऱ्यांच्या बाजूने मी पहिल्यापासून आहे.

त्यांचा दुसरा मुद्दा आणखी बळकट. ली क्रॉनबाख नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली एक आकडा प्रचारात आणला, अल्फा. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती सुरात बोलतात ते तो सांगतो. शून्य म्हणजे जो तो आपल्या वाटेने, एक म्हणजे सगळे अगदी एकाच सुरात. डॅशचा अल्फा ०.९५च्या वर येतो. पहिल्यांदा कळतं तेव्हा वाटतं, वा, काय भक्कम प्रश्नावली! नंतर उजेड पडतो की इतका सूर जुळतोय याचा अर्थ यातले कित्येक प्रश्न तेच ते पुन्हा विचारतायत. ज्याला किल्ली फिरवता येत नाही त्याला झाकणही फिरवता येत नाही. दोनदा कशाला त्याला विचारायचं?

मग कापायचं ठरलं, पण कापायचं कसं? इथे बीटन मंडळींनी जे केलं ते मला आवडतं. त्यांनी एकाऐवजी तीन वाटांनी तिसाचे अकरा करून बघितले. एका वाटेत मूळ डॅश घडवताना ज्या कल्पना डोळ्यांसमोर होत्या त्यांतली एकही सुटू नये अशा बेताने प्रतिनिधी निवडायचे. दुसरीत निव्वळ आकडे: गुणांच्या पट्टीवर ठिकठिकाणी कोणता प्रश्न फरक नीट दाखवतो ते बघायचं. तिसरीत रॅश नावाचं गणिती मॉडेल, त्याच्याकडे येईन पुढे. तिन्ही छोटे फॉर्म रुग्णांच्या उत्तरांवर चालवून बघितले, तर कामगिरी जवळपास सारखीच निघाली. आकड्यांनी निकाल देईना म्हणून त्यांनी कल्पना टिकवणारा फॉर्म उचलला. संख्याशास्त्राच्या माणसांनी अर्थाला झुकतं माप दिल्याची उदाहरणं फार सापडत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जे अकरा राहिले ते असे: बरणी, जड घरकाम, बाजाराची पिशवी, स्वतःची पाठ चोळून धुणं, सुरीने चिरणं, जोर लागणारे खेळ किंवा छंद, लोकांत मिसळणं, कामधंदा, दुखणं, मुंग्या येणं, झोप. गेले त्यांत लिहिणं आहे, किल्ली आहे, केस धुणं आहे. एकविसावा प्रश्नही गेला, आणि भारतातल्या कितीतरी थेरपिस्टांनी तेव्हा हुश्श केलं असेल. पण 'हात आखडलाय का' हाही गेला! मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर पहिले दोन महिने आमच्याकडे येणाऱ्या माणसाची मुख्य तक्रार तीच असते. सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी, गरम पाण्यात बुडवल्याशिवाय हलत नाहीत. गणिताच्या दृष्टीने तो प्रश्न दुखण्याच्या मागे उभा होता, त्यामुळे तो काढल्याने एकूण गुणांत काही फरक पडला नाही. कळतं मला. पटत नाही, एवढंच.

हिशेब जरा जवळून बघू, कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. सगळ्या उत्तरांची सरासरी काढायची, त्यातून एक वजा करायचा, पंचविसाने गुणायचं. म्हणजे सगळे एक दिले तर शून्य, सगळे पाच दिले तर शंभर; जितके गुण जास्त तितका हात वाईट. सरासरी तीन आली तर ५०, दोन आली तर २५. आता समजा एका प्रश्नाचं उत्तर एका पायरीने बदललं. तीस प्रश्नांच्या फॉर्मवर एकूण गुण ०.८३ने हलतात. अकरा प्रश्नांच्या फॉर्मवर २.२७ने. बरं वाटलं असं खात्रीने म्हणायला साधारण १५ गुणांचा फरक पडायला हवा, असं आमच्याकडे धरून चालतात. तेवढा पडायला मोठ्या फॉर्मवर १८ पायऱ्या हलाव्या लागतात, छोट्यावर सात. सात पायऱ्या म्हणजे काय? आदल्या रात्री झोप चांगली लागली, पोरगी माहेरी आल्यामुळे पिशवी उचलायची वेळच आली नाही, आणि आज मॅडमना बरं वाटावं असं मनात आहे. झाल्या सात.

संख्याशास्त्राचे लोक यावर एक तयार उत्तर देतात आणि ते बरोबर आहे: गटांची तुलना करायची असेल तर मापाची विश्वासार्हता ०.७० असली तरी चालते, एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० तरी हवी. पाचशे जणांचे फॉर्म गोळा केले की कुणाची चांगली झोप आणि कुणाची वाईट झोप एकमेकींना खाऊन टाकतात. छोटा फॉर्म हे गर्दी मोजायचं माप आहे. माझ्यासमोर मात्र एका वेळी एकच माणूस बसतो.

आणखी एक गंमत. मोठ्या फॉर्मवर तीन प्रश्न कोरे राहिले तरी गुण काढता येतात. छोट्यावर फक्त एक. आता बघा, 'जोर लागणारे खेळ' या प्रश्नाला दिलेली उदाहरणं आहेत गोल्फ, हातोडी मारणं, टेनिस. आमच्याकडच्या बायका तो सोडतात. 'जड घरकाम' पुरुष सोडतात, अगदी सहज, जणू तो प्रश्न चुकून त्यांच्या फॉर्मवर छापला गेलाय. याच्या जोडीला आणखी एक कोरा राहिला की तो फॉर्म फुकट. मग मी काय करते? शेजारी बसून भरून घेते. म्हणजे ज्या फॉर्मने वेळ वाचायचा त्याच्यासाठी एक माणूस शेजारी बसवावा लागतो.

डॅशची एक खोड मात्र लांबीशी संबंधित नाही. काम कोणत्या हाताने केलं याला महत्त्व नाही, असं तो सूचनांमध्येच सांगून टाकतो. त्यांचा विचार असा की माणूस म्हणून तुमचं भागतंय का, ते महत्त्वाचं. ठीक. पण उजवा हात जायबंदी झालेला, डाव्या हाताने सगळं शिकून घेतलेला आमचा पेशंट फॉर्मवर छान गुण मिळवतो आणि लग्नाच्या पंगतीला जात नाही. डाव्या हाताने जेवताना लोक बघतात म्हणून. कामाला जातो, पिशवी उचलतो, झोपतो छान. लोकांत मिसळण्याच्या प्रश्नाला 'थोडी अडचण' असं उत्तर देतो, कारण पंगती वर्षातून चार.

मिशिगनच्या ॲन आर्बरमध्ये केविन चुंग यांनी १९९८ साली केलेली 'मिशिगन हँड आउटकम्स क्वेश्चनेअर' या बाबतीत जास्त सुजाण वाटते. ती उजव्या-डाव्याचं वेगळं विचारते. नाणं उचलणं, पेला धरणं, शर्टाची बटणं लावणं अशी बोटांची बारीक कामं तिच्यात आहेत. आणि तिच्यात एक विभाग आहे जो डॅशमध्ये नावालाही नाही: हात दिसतो कसा. भाजल्यामुळे बोटं आखडलेली एक मुलगी माझ्याकडे यायची. ओढणीचं टोक तिने हातावर असं गुंडाळलेलं असायचं की पहिल्यांदा मला वाटलं ओढणीच तशी घेण्याची फॅशन आहे. ऑपरेशन झालं, स्प्लिंट झाले, बोटं बऱ्यापैकी सरळ आली, पकड आली. ओढणी तशीच. हळदीकुंकवाला हात पुढे करावा लागतो म्हणून ती जायची नाही. हे डॅशच्या तीसही प्रश्नांत बसत नाही, तर अकरांत कुठून बसणार. मिशिगनचे ३७ प्रश्न २०११ साली बारावर आणले, तेव्हा सहाही विभागांना त्यांत जागा ठेवली. त्यामुळे दिसण्याचा मुद्दा वाचला. तो निव्वळ आकड्यांच्या जोरावर वाचला असता का, याची मला शंका आहे.

नुसत्या मनगटासाठी किंवा मनगटात दबणाऱ्या नसेसाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत, त्यांचेही छोटे अवतार निघाले आहेत. कार्पल टनेलच्या, म्हणजे या दबलेल्या नसेच्या दुखण्याच्या, बोस्टन प्रश्नावलीत ११ लक्षणांचे आणि ८ कामांचे प्रश्न. स्वीडनमध्ये त्यातल्या लक्षणांच्या भागावरून सहा प्रश्नांचा फॉर्म बेतला. त्याचं नाव आणि निदानासाठी वापरायच्या एका वेगळ्याच यादीचं नाव अगदी सारखं आहे, त्यामुळे परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांचे जे हाल होतात ते मी बघितलेत. असो.

तर रॅश. जॉर्ज रॅश हा डेन्मार्कचा गणिती. शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या चाचण्यांवर काम करताना त्याला जे सुचलं ते १९६० साली पुस्तकरूपाने आलं. कल्पना साधी आहे: प्रश्नांची अवघडपणाप्रमाणे एक पट्टी आखता येते आणि माणसाची क्षमताही त्याच पट्टीवर खूण करून दाखवता येते. ज्याला हातोडी मारता येते त्याला पाण्याचा पेला धरता येतो का, हे विचारणं वाया. ज्याला पेलाही धरवत नाही त्याला हातोडीचं विचारणं तर क्रूरच. म्हणून मधला प्रश्न आधी विचारायचा, आणि उत्तर येईल तसं वर किंवा खाली सरकायचं. हे काम कॉम्प्युटर पटकन करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशाने २००४ साली सुरू झालेला 'प्रॉमिस' प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. चार प्रश्नांत खात्री पटली तर तिथेच थांबतो, नाही पटली तर फार तर बारा. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राशी जोडलेल्या हाताच्या अभ्यासगटाने जरा वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे दवाखान्यांत नेमाने भरून घेतलेले फॉर्म भरपूर साठलेले. त्यावरून त्यांनी मनगटाच्या १५ प्रश्नांच्या प्रश्नावलीसाठी एक झाड तयार करून घेतलं: पहिल्या उत्तराप्रमाणे एक फांदी, तिथे पुढचा प्रश्न, त्याच्या उत्तराप्रमाणे पुढची फांदी, आणि टोकाला पूर्ण फॉर्म भरला असता तर किती गुण आले असते त्याचा अंदाज.

हे बुद्धिमान काम आहे, आणि मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या माणसासाठी उपकारच. माझी अडचण दोन ठिकाणी. फांद्या ज्यांच्या उत्तरांवरून फुटल्या ती माणसं नेदरलँड्सची आहेत. प्रॉमिसचे ५० गुण म्हणजे सरासरी, पण ती सरासरी अमेरिकेतल्या लोकांची. धुणं पिळणारी, उकिडवं बसून हाताच्या आधाराने उठणारी माणसं तिथल्या झाडावर कुठल्या फांदीला लटकतील ते इथले फॉर्म भरून घेतल्याशिवाय कळायचं नाही. दुसरी अडचण अगदी साधी: पेशंट प्रश्न लक्षात ठेवतात. "मागच्या वेळी झोपेचं विचारलं होतं तुम्ही, आज नाही विचारलं?" कॉम्प्युटरला गरज वाटली नाही, हे मी त्या बाईंना कोणत्या तोंडाने सांगू? तिची झोप हीच तिची बातमी होती.

डॅशचा तिसावा प्रश्न आतापर्यंत मुद्दाम बाजूला ठेवला होता. हाताच्या त्रासामुळे मला पूर्वीपेक्षा कमी सक्षम, कमी आत्मविश्वासाचं किंवा कमी उपयोगाचं वाटतं. सहमत की असहमत? क्विकडॅशमध्ये तो नाही. डेव्हिड रिंग नावाचे हाताचे सर्जन, तेव्हा बोस्टनमध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं की डॅशचे गुण नैराश्याशी बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे फॉर्मवर आपण जो 'हात' मोजतो त्यात मन मोठ्या प्रमाणात मिसळलेलं असतं, प्रश्न बरणीचा असो की पिशवीचा. यावर गणिती म्हणेल, मग मनाचा वेगळा प्रश्न हवाच कशाला, ते बाकीच्यांत आलंच. बरोबर आहे. पण तिसावा प्रश्न वाचला की माणसं बोलायला लागतात, पिशवीच्या प्रश्नावर लागत नाहीत. मावशींनी त्या दिवशी सगळीकडे 'तीन' लावला होता ना; तिसाव्याला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चार लिहा. सून हातातून भांडं काढून घेते. चांगल्यासाठीच करते, पण घेते." मग सुनेला बोलावून घेतलं, आणि हाताला हलकी भांडी घासू द्यायची हे उपचारात लिहिलं. गुण मिळवण्यासाठी तो प्रश्न अनावश्यक असेलही. मी अकरा प्रश्न भरून घेते आणि हा बारावा तोंडी विचारते. त्याचे गुण कुठेच धरत नाही.

आमचा पेशाच मुळात माणसाच्या रोजच्या कामांपासून सुरू होतो. १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं तेव्हापासून आम्हाला हेच शिकवलंय की आधी विचारा, तुम्हाला काय करायचंय? त्यामुळे सगळ्या प्रश्नावल्यांमध्ये माझा जीव जडलाय तो सगळ्यात छोटीवर, जिच्यात छापील प्रश्न एकही नाही. कॅनडाच्याच स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ती आणली. पेशंटने स्वतः तीन ते पाच कामं सांगायची जी त्याला जमत नाहीत, आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. इथे शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं. त्याच देशातून १९९१ साली आलेलं आमच्या पेशाचं स्वतःचं एक मापही असंच चालतं, जरा सविस्तर. संशोधन करणारे यावर नाक मुरडतात, कारण एकीची भाकरी आणि दुसऱ्याचा तबला यांची बेरीज करून तक्ता होत नाही. नाहीच होत. मी दोन्ही ठेवते. महिन्याच्या एक्सेलमध्ये क्विकडॅश, केसपेपरच्या मागच्या बाजूला पेशंटच्या ओळी. साडीच्या निऱ्या. पोळ्या लाटणं. शाखेच्या वार्षिक कार्यक्रमात ढोल. एका आजोबांनी फक्त 'नमस्कार' एवढंच लिहिलं होतं, आणि थेरपिस्टला विचाराल तर दोन्ही मनगटं चांगली मागे वळल्याशिवाय तो होत नाही.

आणि एक रिक्षावाले दादा. डावं मनगट मोडून प्लेट बसवलेली. क्विकडॅश ४०च्या आसपास होता, हळूहळू वीसच्या खाली आला. एक्सेल बघणाऱ्याने पाठ थोपटावी असा. मागच्या बाजूला त्यांची एकच ओळ होती: क्लच दाबून गिअर फिरवणं. रिक्षात क्लच डाव्या मुठीत असतो आणि तीच मूठ पिरगाळून गिअर पडतो, म्हणजे पकडही लागते आणि मनगटही वळायला लागतं, दोन्ही एकाच वेळी, दिवसातून शेकडो वेळा. तिथे गुण दोन. पुढच्या खेपेला दोन. त्याच्या पुढच्या खेपेला अडीच, तेही माझ्या समाधानासाठी. पकड मोजली, ठीक होती. मनगट मोजलं, चाललं असतं. शेवटी म्हटलं, दादा, गाडी घेऊनच या, खाली पार्किंगमध्ये बघू.

खाली जाऊन मी स्वतः तो क्लच दाबला. दोन्ही हातांनी दाबला तेव्हा कुठे पुरता आत गेला. शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, केबल गंजलीय याची. माझी दाबून बघा." त्याचा क्लच नुसत्या बोटांनी दाबला तर गेला. दादांची गाडी ते घरी बसले तितके दिवस पावसात उभी होती. केबल बदलली, ग्रीस मारलं, आणि पुढच्या तपासणीला त्यांनी मी विचारायच्या आत सांगितलं, "क्लचला आठ लिहा." क्विकडॅश त्या दिवशी भरायचा राहिला. त्यांना भाडं होतं, स्टेशनचं.